फाइल पहिल्या पानापासून

काळा कोट शिवून झाला, गळ्यात पांढरा बँड आला आणि बार कौन्सिलची सनद हातात पडली, की आपल्याकडे माणूस वकील होतो. त्याच आठवड्यात त्यानं ठाण्याच्या सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्यात आरोपीतर्फे वकीलपत्र दाखल केलं तरी कायदा त्याला अडवत नाही. डॉक्टरला एमबीबीएसनंतर वर्षभराची इंटर्नशिप पुरी केल्याशिवाय कायमची नोंदणी मिळत नाही. सीएला आर्टिकलशिप, म्हणजे अनुभवी सीएच्या हाताखालची उमेदवारी, चुकत नाही. कायद्याच्या कॉलेजातही इंटर्नशिपचा नियम आहे. तीन वर्षांच्या कोर्सला बारा आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला वीस. पण सनद मिळाल्यानंतर, खऱ्या पक्षकाराचा खरा कागद पहिल्यांदा हातात येतो तेव्हा शेजारी कोण बसणार, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला तेव्हा सनदेआधी प्रशिक्षण आणि परीक्षा अशी तरतूद त्यात होती. १९७३ च्या दुरुस्तीनं ती गेली. पुढे १९९५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं वर्षभराच्या प्रशिक्षणाचे नियम केले, आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले, कारण संसदेनं काढून टाकलेली अट बार कौन्सिलला नियमांच्या वाटेनं परत आणता येणार नाही असं न्यायालयाचं मत पडलं. त्या निकालाचं नाव व्ही. सुदीर. नंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन ही वकिलांची पात्रता परीक्षा आली, पहिली परीक्षा २०११ मध्ये झाली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती वैध ठरवताना सुदीरचा निकाल बरोबर नव्हता असंही म्हटलं. परीक्षा राहिली. प्रशिक्षण मात्र परत आलं नाही. बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचं नुसतं मूळ पुस्तक, जवळ ठेवून बरोबर पर्यायावर खूण करता येणं आणि रडवेल्या बाईकडून तिच्या नवऱ्याच्या पगाराची स्लिप कुठे मिळेल हे काढून घेता येणं, ही दोन कामं फार वेगळी आहेत.

मी ठाण्यात वकिली करते. नौपाड्यात आमचं ऑफिस आहे. दोघं भागीदार, चार-पाच ज्युनियर, एक जुना कारकून. कागदोपत्री आम्ही लॉ फर्म आहोत. दिवाणी कामं जास्त, त्यातही जमिनीची आणि सोसायट्यांची, थोडी चेकची, थोडी कौटुंबिक. दर पावसाळ्यात निकाल लागले की नवी मुलं येतात आणि मला दरवर्षी एकच प्रश्न पडतो: या मुलाला पुढच्या दोन वर्षांत मी काय देणार आहे?

कारण आपल्या धंद्यात, एरवी चांगल्या असलेल्या ऑफिसांतही, जे दिलं जातं ते तुकड्यांनी दिलं जातं. सकाळी साडेदहाला कोर्ट नाक्यावर उभं राहिलं की दिसतं. मुलं हातात डायरी घेऊन बोर्ड बघत धावत असतात. या कोर्टात पुकारा झाला की ‘सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत’ म्हणून सांगायचं, त्या कोर्टात तारीख घ्यायची, तिसऱ्या ठिकाणी मुदतीचा अर्ज द्यायचा, मधल्या सुट्टीत नक्कल अर्जाची चौकशी करायची. एखाद्या दिवशी ठाण्यातली तारीख आटोपून ट्रान्स-हार्बर लोकलनं बेलापूरचं कोर्ट गाठायचं. दोन वर्षं हे केलेला मुलगा रोजनामा (कोर्टातली त्या दिवसाची नोंद) कुठे बघायचा, पुरशीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) कशी द्यायची, कोणत्या टेबलावर कोणता कागद जातो हे पक्कं जाणतो. पण तो दावा मुळात का दाखल झाला, वादीला नेमकं काय हवं आहे, निशाणी ५ वरचा, म्हणजे दावा चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचा, अर्ज का फेटाळला गेला, हे विचारलं तर त्याला सांगता येत नाही. फाइल त्याच्या हातात असते. आतली गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते.

मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये चित्र वेगळं असतं. तिथे प्रशिक्षणाचा वेगळा विभाग असतो, व्याख्यानं होतात, पहिल्या आठवड्यात माहितीची जाडजूड फाइल हातात दिली जाते. माझ्या ओळखीची मुलं तिथे गेली आहेत आणि त्यांचं इंग्रजी ड्राफ्टिंग, त्यांची शिस्त खरोखर बघण्यासारखी आहे. पण तिथेही एखादी मुलगी आठ-आठ महिने एकाच प्रकारचे करार तपासते. तिनं कंपनीचा माणूस पाहिलेला नसतो, न्यायाधीशासमोर तोंड उघडलेलं नसतं. ठाण्यात पायांना काम आहे, तिथे डोळ्यांना. मुलं दोन्हीकडे मेहनत करतात आणि प्रकरण संपूर्ण कुठेच दिसत नाही.

म्हणून आमच्या ऑफिसात एक गोष्ट आम्ही ठरवून केली. नवा ज्युनियर आला की साधारण पहिल्या दोन महिन्यांत त्याला एक छोटं प्रकरण पूर्ण द्यायचं. पक्षकार पहिल्यांदा दारातून आत येतो तिथपासून दरखास्तीपर्यंत, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीपर्यंत. सही आमची, जबाबदारी आमची, पण पक्षकाराशी बोलणं, कागद लावणं, मसुदा, दाखल करणं, तारखा, साक्षीपुरावा हे सगळं त्यानं करायचं आणि आम्ही शेजारी बसायचं. बाकीची धावपळ चालूच राहते, ती टाळता येत नाही. पण एक फाइल त्याची असते.

सुरुवातीला द्यायला चेक परत गेल्याच्या प्रकरणाइतकं चांगलं काही नाही. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८, चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं, सगळ्यांना पाठ असतं, परीक्षेत येतं. पण कॅलेंडर पुढे ठेवून तारीख मोजायला सांगितली की हात थबकतो. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाला की तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस. त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. समजा नोटीस ३ मार्चला पोचली. १८ मार्चपर्यंत समोरच्याला मुदत आहे. १९ मार्चला फिर्यादीचं कारण घडतं, तो दिवस मोजायचा नाही, म्हणून १९ एप्रिलपर्यंत फिर्याद मुदतीत. आमच्याकडे नवा माणूस ही मोजणी पेन्सिलनं फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहितो आणि दुसरा ज्युनियर ती न बघता स्वतंत्र मोजतो. दोघांचं उत्तर जुळलं की तारीख डायरीत जाते. नोटीस कधी पोचली हे सिद्ध करायला स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगची प्रिंट लागते, त्या प्रिंटला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. फिर्याद कुठल्या कोर्टात करायची हे पक्षकाराचं खातं कोणत्या शाखेत आहे त्यावर ठरतं. एवढ्याशा प्रकरणात मुदत, अधिकारक्षेत्र, पुरावा, चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कायद्यानं धरलेलं गृहीतक आणि ते खोडून काढण्याची आरोपीची संधी असं सगळं येतं.

पण त्याहून मोठं शिक्षण टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडून मिळतं. वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणारे एक काका आमच्याकडे आले होते. एक लाख ऐंशी हजारांचा चेक परत गेलेला, मेमो सोबत, डिलिव्हरी चलनं सोबत, सगळं नीट पिशवीत. प्रकरण ज्या मुलीला दिलं होतं तिला मी एकच सांगितलं होतं: त्यांचं बोलणं संपेपर्यंत लिहू नकोस. काका बोलले, धंद्याबद्दल, मुलाबद्दल, समोरच्या पार्टीशी वीस वर्षांच्या ओळखीबद्दल. मग तिनं विचारायला सुरुवात केली. चलनावर सही कोणाची? वॉचमनची. शिक्का? नाही. आणि मग तिनं विचारलं, “काका, चेक दिल्यानंतर, बँकेत टाकायच्या आधी त्यांच्याकडून काही पैसे आले होते का?”

“आले ना. चाळीस हजार मोबाइलवर टाकले होते त्यानं. पण ते वेगळे, ते मी धरले नाहीत.”

कायदा माहीत असलेला माणूस इथे खुर्चीत सावरून बसतो. चेक लिहिल्यानंतर आणि वटवण्याआधी रकमेचा काही भाग मिळाला असेल आणि चेकवर त्याची नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला असेल, तर ती पूर्ण रक्कम देणं उरलेली नसते आणि १३८ चा गुन्हा उभा राहत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं आहे. काका सांगतात ते जसंच्या तसं लिहून नोटीस पाठवली असती तर वर्ष-दोन वर्षं तारखांना येऊन शेवटी आरोपी सुटला असता. त्या मुलीनं काकांना हे शांतपणे समजावलं. त्यांना पटायला वेळ लागला. ‘त्यानं मला फसवलं आणि तुम्ही मलाच सांगता’ असं ते म्हणाले. शेवटी उरलेल्या एक लाख चाळीस हजारांसाठी दिवाणी दावा करायचं ठरलं, ऑर्डर ३७ खालचा, म्हणजे संक्षिप्त पद्धतीनं चालणारा. फौजदारीचा धाक त्यात नाही, पण दावा खरा होता आणि टिकणारा होता. मग कोर्ट फी किती, समन्सला बेलिफ कधी जाणार, प्रतिवादी हजर झाला तर पुढचं पाऊल कोणतं, हे सगळं तिनंच केलं. तो प्रश्न तिला कोणी शिकवला नव्हता. तिनं निकाल वाचला होता आणि समोर माणूस बसला होता, दोन्ही एका खोलीत आल्यामुळे तो सुचला. नुसत्या तारखा घेत राहिली असती तर निकाल एका बाजूला राहिला असता आणि काका दुसऱ्या.

आमच्या भागात दुसरं मोठं शिक्षण सातबाऱ्याचं आहे. त्यावर मी जरा जास्त बोलते, कारण त्याची मला फार काळजी वाटते. शहरात वाढलेल्या, ठाण्याच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मुलांनी सातबारा कधी हातात धरलेला नसतो. कॉलेजात मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा होतो, पण गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, सहा म्हणजे फेरफाराची, हक्कांतल्या बदलांची, नोंदवही, आठ-अ म्हणजे खातं, हे कोणी कागद पुढे ठेवून दाखवत नाही. घोडबंदर रोडवर आज ज्या जमिनींवर इमारती उभ्या आहेत त्यातल्या कितीतरी एकेकाळी कुळांच्या ताब्यातल्या. कुळ कायद्यानं कूळ ज्या दिवशी कसत्या जमिनीचं मालक मानलं गेलं, त्या १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाचा परिणाम त्या जमिनींच्या मालकीवर आजही आहे. कुळानं किंमत भरून ३२ म चं खरेदी प्रमाणपत्र घेतलं का, घेतलं असेल तर पुढे विकताना त्याच कायद्याच्या कलम ४३ ची परवानगी घेतली का, भोगवटादार वर्ग एक आहे की दोन (म्हणजे विकायला मोकळीक आहे की बंधन), ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचं नाव राहून गेलं आहे का, हे बघितल्याशिवाय टायटल रिपोर्टवर, म्हणजे मालकी तपासल्याच्या अहवालावर, सही करणं म्हणजे पन्नास कुटुंबांच्या घरांशी खेळणं. नवी मुंबईत आणखी वेगळं. सिडकोनं ९५ गावांच्या जमिनी घेऊन शहर उभं केलं. घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात विकसित जमीन परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतला एक भूखंड तपासायचा तर मूळ खातेदार कोण, त्याचे वारस किती, बहिणींची नावं लागली की वगळली गेली, तिथपासून सुरुवात करावी लागते.

आमची पद्धत साधी आहे. आजचा सातबारा घ्यायचा, त्यावर जेवढे फेरफार क्रमांक आहेत तेवढे सगळे काढायचे आणि एकेक करून मागे जायचं. एकही क्रमांक ‘जुना आहे, असू दे’ म्हणून सोडायचा नाही. मग जमिनीचं चरित्र एका पानावर हातानं लिहायचं: या साली हा मेला, हे वारस लागले, या साली वाटप, या साली सोसायटीच्या कर्जाचा बोजा, या साली बोजा कमी. त्यानंतर दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांचा सर्च आणि इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा) त्या पानाशी जुळवून बघायचं. हे पान टाइप करून चालत नाही असा माझा आग्रह आहे. हातानं लिहिताना मधली दहा वर्षं कोरी राहिलेली दिसतात.

आणि इथे एक आनंदाची गोष्ट घडली. मुरबाडकडची एक मुलगी आमच्याकडे आली. मराठी माध्यमात शिकलेली, मुलाखतीत इंग्रजीतून उत्तर देताना अडखळणारी. पहिल्याच आठवड्यात एका सातबाऱ्यावर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, हा फेरफार मंजूर झालेला नाही. नुसता नोंदवलाय.” तिच्या घरी वडील आणि काका वर्षानुवर्षं तलाठ्याकडे जात आलेले, प्रमाणित झालेला फेरफार आणि नुसती नोंद यातला फरक तिला जेवणाच्या पंगतीत कळलेला. तेव्हापासून आमच्या शनिवारच्या बैठकीत महसुली कागद तीच शिकवते, आणि मोठ्या फर्मचा अनुभव घेऊन आलेला मुलगा तिच्याकडून वही काढून लिहून घेतो. पुढे त्यानंच तिच्यासोबत बसून तिचे इंग्रजी मसुदे उच्च न्यायालयात जातील असे करून घेतले. नव्या वकिलांना काय येत नाही याची यादी सगळे करतात. प्रत्येक मुलगा-मुलगी कुठून येते आणि सोबत काय घेऊन येते, हे विचारणारं ऑफिस मला फार कमी दिसतं.

मसुदा तपासण्याबद्दल माझं मत ठाम आहे. सिनियरनं लाल पेनानं नवा मसुदा लिहून देऊ नये. ते लवकर होतं, संध्याकाळी सातला दहा फाइली समोर असताना तोच मोह होतो, पण त्यानं समोरच्याला काहीच मिळत नाही. आमच्याकडे ज्युनियर आपला मसुदा मोठ्यानं वाचतो. वाचताना जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य लांब आहे. मग मी फक्त विचारते: या परिच्छेदातलं प्रत्येक विधान कोणता साक्षीदार सिद्ध करणार? कोणत्या कागदावरून? उत्तर नसेल तर विधान जातं किंवा कागद शोधला जातो. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, लिहायची असेल तर दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला उत्तर आहे का ते बघायचं. जे नाकारलं नाही ते मान्य धरलं जातं, हे पुस्तकात एक ओळ असते आणि कोर्टात कोणाचं तरी घर असतं. तीस दिवसांत कैफियत द्यायची, फार तर नव्वद, ही मुदत डोक्यात ठेवून हे सगळं व्हायला हवं, म्हणून वाचन पहिल्या पंधरवड्यात.

कोर्टात ज्युनियरनं काय बघायचं, हेही सांगावं लागतं. उलटतपास चालू असताना नवी मुलं प्रश्न विचारणाऱ्या वकिलाकडे बघत राहतात. मी त्यांना साक्षीदाराकडे आणि टंकलेखकाच्या स्क्रीनकडे बघायला सांगते. कोळीवाड्यातली म्हातारी तिच्या बोलीत एक सांगते, ते प्रमाण भाषेत नोंदवलं जाताना अर्थाची एखादी कड निसटते. ‘तो येत असे’ आणि ‘तो आला होता’ यांतल्या फरकावर ताब्याचा दावा फिरतो. तिथल्या तिथे उभं राहून, आदबीनं, ‘मॅडम, साक्षीदाराचे शब्द असे होते’ म्हणण्याचं धैर्य यायला हवं. ते धैर्य व्याख्यानानं येत नाही. दोन-तीनदा सिनियरनं ‘तू उठ, तू सांग’ म्हणावं लागतं.

निकाल शोधण्याचं काम आता झटक्यात होतं आणि त्यातच धोका आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. आमचा नियम त्याआधीपासूनचा आहे: ज्यानं निकाल पूर्ण वाचला आहे त्यानंच तो नोटमध्ये लिहायचा, आणि पुढे तो रद्द किंवा अमान्य झाला का ते बघायचं. वर सांगितलेला सुदीरचा निकाल मी नव्या मुलांना मुद्दाम शोधायला देते. काही जण तो १९९९ चा निकाल घेऊन येतात आणि त्यावर दोन पानं लिहितात. काही जण २०२३ पर्यंत पोचतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले तेव्हाही हेच. जुन्या घटनांना भारतीय दंड संहिता, नव्यांना भारतीय न्याय संहिता, दोन्ही पुस्तकं टेबलावर, आणि आम्ही सिनियर नव्या कलमांचे आकडे ज्युनियरांना विचारत होतो. त्या काही महिन्यांत ऑफिसात जे मोकळेपण आलं ते टिकवायचा आम्ही प्रयत्न करतो.

आता पैशाचं बोलते, कारण त्याशिवाय वरचं सगळं पोकळ आहे. जून २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ज्युनियर वकिलांना किमान विद्यावेतन देण्याबद्दल आदेश दिला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं: शहरी भागात महिना किमान वीस हजार, ग्रामीण भागात पंधरा हजार. ते शिफारशीच्या स्वरूपात आहे, सक्ती नाही. सनदेच्या फीबद्दल मात्र सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये स्पष्ट आदेश दिला. खुल्या प्रवर्गाला साडेसातशे आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. म्हणजे दार थोडं रुंद झालं. पण दारातून आत आल्यावर पहिली तीन वर्षं खायचं काय? कसाऱ्याहून किंवा कर्जतहून रोज येणाऱ्या मुलाचा पास, जेवण, कोट, पुस्तकं, घरी द्यायचे चार पैसे. ज्याच्या घरी आधीच वकील आहे, ज्याला वडिलांच्या ऑफिसातली खुर्ची तयार आहे, तो ही तीन वर्षं काढतो. बाकीचे एखाद्या कंपनीत किंवा बँकेत नोकरी धरतात, आणि ज्यांना गावचा सातबारा घरातूनच कळतो अशी माणसं कोर्टातून नाहीशी होतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मला ती अट पटते. पण मग ही तीन वर्षं काढणं ज्यांना परवडतं त्यांच्यातूनच उद्याचे न्यायाधीश निवडले जाणार, हे लक्षात घेऊन बारनं आणि सरकारनं विद्यावेतनाचा विचार केला पाहिजे. आम्ही शिफारशीचा आकडा देतो. छोट्या ऑफिसला तो सोपा नाही. त्यासाठी दोन वर्षं आम्ही नवी जागा घ्यायची पुढे ढकलली, आणि ते योग्य केलं असं आजही वाटतं.

मुलींबद्दल आणखी एक. आमचं काम कोर्ट सुटल्यावर सुरू होतं. पक्षकार सात-आठला येतात. बदलापूरला जाणारी मुलगी साडेनऊला ऑफिसातून निघाली तर अकराला घरी पोचणार. आम्ही पक्षकारांच्या वेळा बदलल्या. लोक कुरकुरले आणि मग सरावले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते. वकिलांची बहुतेक ऑफिसं त्याहून लहान. तिथल्या मुलीनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं, आणि शिकाऊ उमेदवारही त्या कायद्यात येतात. ही माहिती आम्ही पहिल्या दिवशी, पगाराच्या आकड्यासोबत, लेखी देतो.

हे सगळं सांगितलं की समवयस्क वकील मित्र विचारतात, एवढं करून ती मुलं तीन वर्षांत जातात, मग तुला काय मिळालं? जातात हे खरं आहे. एक जण न्यायाधीश झाली, एक जण मोठ्या फर्ममध्ये गेला, दोघांनी कल्याणला स्वतःचं ऑफिस काढलं. त्या दोघांपैकी एकीसमोर मी गेल्या वर्षी वाटपाच्या दाव्यात उभी होते. तिनं पहिल्याच तारखांना आमचे निर्विवाद कागद मान्य केल्याची पुरशीस दिली, वारसांचा तक्ता हातानं लिहून आणला, आणि ज्या दोन मुद्द्यांवर खरा वाद होता तेवढ्यांवरच ती लढली. फार जोरात लढली. त्यातल्या एका मुद्द्यावर कोर्टानं तिचं ऐकलं. माझ्या पक्षकाराची तेवढ्या एका शेताच्या तुकड्याबद्दल निराशा झाली. पण सहा भावंडांचा दावा, जो आपल्याकडे पुढच्या पिढीवर सोडून जायची पद्धत आहे, तो त्यांच्या आईच्या हयातीत निकाली निघाला. यंदाच्या जूनपासून आम्ही शनिवारची बैठक तिच्या ऑफिसातल्या ज्युनियरांनाही खुली केली आहे. पहिल्या बैठकीला विषय आहे फेरफार, आणि शिकवणार आहे मुरबाडची मुलगी.